पिकअप पुढचे टायर खाते, अलाइनमेंट टिकत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

अलाइनमेंट करून आणली, हजार-दोन हजार किलोमीटर गाडी बरी चालली आणि पुढच्या टायरची कड पुन्हा घासायला लागली. टन-दीड टन माल वाहणाऱ्या पिकअपची ही नेहमीची तक्रार आहे. मग दुकान बदललं जातं, पुन्हा पैसे जातात आणि पुन्हा तेच होतं. अलाइनमेंटचं मशीन फक्त कोन मोजतं. टाय रॉडच्या (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकातला ढिलेपणा, झिजलेली किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती), सरकलेला एक्सल, एका बाजूला बसलेले पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यातलं काहीही ते दुरुस्त करत नाही. ढिल्या सांध्यावर बसवलेला कोन पहिल्या मोठ्या खड्ड्यात हलतो. म्हणून मशीनचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याआधीच्या तपासण्या बहुतेक फुकटात होतात, आणि दोष बहुतेक वेळा त्यातच सापडतो.

लक्षणं

- सपाट, सरळ रस्त्यावर स्टीअरिंगवरचा हात सैल केला की गाडी एका बाजूला ओढते.
- गाडी सरळ चालते, पण स्टीअरिंग तिरकं राहतं.
- पुढच्या टायरची एकच कड गुळगुळीत होते, बाकी नक्षी शाबूत असते.
- वळण संपलं तरी स्टीअरिंग आपणहून सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं.
- रिकामी गाडी वेगात भरकटते, भरली की शांत चालते.
- खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की स्टीअरिंग जोरात हलायला लागतं आणि वेग बराच कमी केल्याशिवाय थांबत नाही.

हे शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचण्याआधी गाडी उभी करा. त्यात बहुतेक वेळा स्टीअरिंगचा एखादा सांधा खूप ढिला झालेला असतो, आणि माल भरून तशी गाडी घाटात नेणं जिवावरचं आहे.

अलाइनमेंटच्या खात्यावर चुकून लिहिले जाणारे दोष दोन. एका ठरावीक वेगालाच, म्हणजे साधारण ७० ते ९० च्या दरम्यान, स्टीअरिंग बारीक थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग आणि रिम बघा. आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच गाडी ओढत असेल तर सुरुवात ब्रेकपासून करा.

आणखी एक. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे गाडी अगदी हळूहळू डावीकडे सरकणं हा दोष नाही. सपाट जागेवर, दोन्ही दिशांनी चालवून बघा. दोन्ही वेळा एकाच बाजूला ओढली तरच पुढे चला.

आधी टायर वाचा

हत्यार उघडण्याआधी दहा मिनिटं टायरसमोर बसा. कोणता भाग बिघडलाय हे टायर बरंच सांगतो, फक्त ते टायर बदलायच्या आधी वाचायला हवं. नवे टायर टाकून मग अलाइनमेंटला जाणारे हा पुरावा पंक्चरवाल्याच्या दुकानातच सोडून येतात.

नक्षीची खोली प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजा: बाहेरची कड, मध्य, आतली कड. खोली मोजायचं साधं गेज स्वस्तात मिळतं. आकडे वहीत लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा.

दोन्ही कडा घासल्यात आणि मध्य ठीक असेल तर हवा कमी किंवा माल जास्त. फक्त मध्य घासला असेल तर हवा जास्त. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड गेली असेल तर टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या टोकाला एकमेकांकडे वळलेली असणं, जास्त असण्याचा संशय घ्या. दोन्हीची आतली कड गेली असेल तर टो-आउट, म्हणजे त्याच्या उलट. एकाच टायरची एकच कड गेली असेल तर त्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडलाय किंवा त्या बाजूचा एखादा सांधा झिजलाय. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडल्यासारखे दिसत असतील तर शॉकअप, बॅलन्सिंग आणि बेअरिंग तपासा.

आता हात फिरवा. नक्षीवरून तळहात बाहेरून आत न्या, मग आतून बाहेर आणा. आत जाताना मऊ लागतं आणि बाहेर येताना धारेसारखं टोचतं, तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं तर टो-आउट. ही धार एक-दोन हजार किलोमीटरमध्येच हाताला कळते, डोळ्याला कड घासलेली दिसायला मात्र बराच वेळ लागतो. तारा बाहेर आलेल्या टायरवर हात फिरवू नका, बोटं कापतात.

घाटातल्या गाड्यांची इथे फसगत होते. जुन्नर-ओतूरकडून माळशेज उतरून किंवा नाशिकहून कसारा उतरून वाशीला रोज माल नेणाऱ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही टायरचे बाहेरचे खांदे वळणांमुळेच घासतात. ते टो-इनसारखं दिसतं, पण खांदा गोल झालेला असतो आणि हाताला धार लागत नाही. अशा गाडीचा टो उगाच बदलला तर आतली कडही जाते. तिला वेळेवर टायर फिरवणं आणि वळणावर वेग कमी ठेवणं, एवढाच उपाय आहे.

१. हवा

सकाळी, गाडी चालायच्या आधी मोजा. चालून आलेल्या टायरची हवा तापून काही पीएसआयने वाढलेली असते. ती तेव्हा कमी केली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो.

आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून किंवा मॅन्युअलमधून घ्या. पिकअपमध्ये पुढची आणि मागची हवा वेगळी असते, आणि मागच्या चाकांना रिकाम्या गाडीसाठी आणि भरलेल्या गाडीसाठीही वेगळे आकडे दिलेले असू शकतात. सगळीकडे एकच आकडा भरायची पंपावरची सवय सोडा. एकाच एक्सलच्या दोन टायरमध्ये एक-दोन पीएसआयपेक्षा जास्त फरक नको, कारण कमी हवेचा टायर जड फिरतो आणि गाडी त्याच बाजूला ओढते. अलाइनमेंट बिघडलीय म्हणून आलेल्या गाड्यांपैकी काही इथूनच परत जातात.

२. टायर आणि रिम

पुढच्या दोन्ही टायरची कंपनी, साइज आणि नक्षी एकच आहे का बघा. स्टेपनी पुढे चढवून महिनोन् महिने तशीच ठेवलेली असते. एक झिजलेला आणि एक नवा टायर असेल तर दोघांचा घेर वेगळा असतो आणि गाडी ओढते. रेडियल आणि नायलॉन टायर एका एक्सलवर कधीच एकत्र नकोत.

ओढणाऱ्या गाडीसाठी सगळ्यात स्वस्त परीक्षा म्हणजे पुढच्या चाकांची डावी-उजवी अदलाबदल. ओढण्याची बाजू उलटली तर दोष टायरच्या आतल्या रचनेत आहे, अलाइनमेंटला पैसे घालवू नका. बाजू तीच राहिली तर टायर निर्दोष. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका.

चाक उचललंच आहे तर हाताने फिरवा. रिमच्या कडेजवळ एक खिळा किंवा पेन्सिल स्थिर धरली की रिम वाकडी आहे का लगेच दिसतं. चाक घासत, जड फिरत असेल तर त्या बाजूचा ब्रेक चिकटतोय. याची दुसरी खूण: शक्यतो कमी ब्रेक वापरून दहा-बारा किलोमीटर चालवा, थांबा, आणि हाताची मागची बाजू दोन्ही पुढच्या चाकांच्या जवळ न्या. हब किंवा रिमला स्पर्श करू नका. एका बाजूची धग स्पष्ट जास्त असेल तर ब्रेक आधी सोडवून घ्या.

३. पाटे, उंची आणि यू-बोल्ट

गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्या बाजूत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाटे बसलेत, तुटलेत किंवा बुश संपलेत. मडगार्डचा पत्रा ठोकून बसवलेला असेल तर चासीपर्यंत मोजा, नाहीतर आकडा फसवतो.

टॉर्च घेऊन पाट्यांकडे बघा. तुटलेल्या पाट्याच्या फटीत बहुधा चमकदार किंवा ताजा गंजलेला रंग दिसतो. पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टजवळ गंजाची लाल धूळ दिसत असेल तर तिथे हालचाल होतेय, म्हणजे बोल्ट ढिला आहे. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश पहारीने हलवून बघा. पाट्यांचं काम झाल्यावर यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा कसावेच लागतात, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड सैल होते. ही एक फेरी चुकली की पुढे सेंटर बोल्ट तुटतो.

आता जादा पाट्यांबद्दल. जास्त माल भरता यावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवले जातात. त्याने मागची बाजू उचलली जाते, गाडी पुढे झुकते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल, कमी होतो. सायकलचा पुढचा दांडा मागे कललेला असतो म्हणून ती सरळ धावते, तसाच हा कल गाडीला सरळ ठेवतो. तो कमी झाला की रिकामी गाडी वेगात भरकटते आणि स्टीअरिंग वळणानंतर परत येत नाही. माल भरला की मागची बाजू खाली बसते, कल परत मिळतो आणि गाडी शांत होते. ‘भरली की बरी चालते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. मशीनवर टो कितीही फिरवला तरी त्याचा उपयोग नाही. पाटे कंपनीच्या मापावर आणा. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरण्यासाठी अलाइनमेंटमध्ये कुठलीही सोय नाही.

४. मागचा एक्सल सरकलाय का

पाट्यांना एक्सलच्या जागेवर धरून ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला की एक्सल एका बाजूने मागे-पुढे सरकतो. मग गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ती आडवी दिसते, आणि सरळ जाण्यासाठी चालकाला स्टीअरिंग सतत तिरकं धरावं लागतं.

पुढची चाकं सरळ ठेवून एका बाजूच्या पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. दुसऱ्या बाजूला तेच करा. काही मिलिमीटरचा फरक मोजण्यातल्या चुकीनेही पडतो. १० मिमीच्या वर गेला तर पुढचा किंवा मागचा एक्सल सरकलाय असं धरा आणि पाटेवाल्याकडे जा. हे न बघता फक्त पुढची अलाइनमेंट केली तर स्टीअरिंग कधीच सरळ राहणार नाही.

५. ढिलेपणा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

टायर परत परत घासण्याचं मूळ बहुतेक गाड्यांत इथे सापडतं. दोन माणसं लागतात.

पहिली परीक्षा जॅक न लावता. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, आणि चाकांना मागे-पुढे ठोकळे. एकाने आत बसून स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, जलद हलवायचं. दुसऱ्याने बाजूने वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं: स्टीअरिंग बॉक्सचा आर्म, ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडची दोन्ही टोकं. रॉड हलतो पण पुढचा आर्म क्षणभर थांबून हलतो, तो सांधा संपला. ढिलेपणा डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला जाणवतो. स्टीअरिंग बॉक्स चासीवर जिथे बसतो ते बोल्टही बघा. बॉक्सच हलत असेल तर पुढचं सगळं वाया.

दुसरी परीक्षा जॅकवर. गाडी रिकामी, कडक आणि सपाट जमीन, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि जॅकशिवाय खाली मजबूत स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अंग घालू नका. शेतातल्या मऊ मातीत जॅक लावून ही परीक्षा करू नका.

चाक वर आणि खाली धरून, घड्याळातल्या १२ आणि ६ वर, आत-बाहेर हलवा. हललं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलेपणा व्हील बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेक हबला आणि स्टबला (ज्या खुंटावर चाक फिरतं त्याला) एकत्र जखडतो. ब्रेक दाबूनही हलत असेल तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजलाय. आता ९ आणि ३ वर धरून हलवा. इथेच हललं आणि १२-६ वर हललं नाही, तर टाय रॉडचे सांधे किंवा स्टीअरिंग बॉक्स.

बेअरिंग कसणं हे स्वस्त काम आहे, पण अंदाजाने करू नका. जास्त कसलं तर बेअरिंग तापून जळतं. मॅन्युअलमधली पद्धत आणि टॉर्क पाळा, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. टाय रॉडच्या टोकाचा कंगोऱ्याचा नट कसल्यावर पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी कसून पुढचं भोक जुळवा. मागे सैल करून जुळवायचं नाही.

किंगपिन असलेल्या गाडीत ग्रीस हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी फडक्याने पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. चाक जमिनीवरून उचलून, वजन काढून ग्रीस मारा. वजन असताना दाबलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही आणि नेमकी तीच बाजू झिजते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन चालवा. निपल ग्रीस घेत नसेल तर ते बदला, तसंच सोडू नका. पावसाळ्यात चिखलातून, ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर ग्रीस द्या. स्टीअरिंग जड होऊन परत येत नसेल तर कॅस्टरचा संशय घेण्याआधी हे करून बघा. सुकलेली किंगपिन अगदी तसंच वागते.

६. घरी टो मोजणं

वरचं सगळं ठीक असेल, निदान ठीक केलेलं असेल, तरच इथे या.

आधी टो इतका महत्त्वाचा का ते बघू. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०० मिमी. दोन्ही चाकांचा मिळून टो ३ मिमीने जास्त असेल, तर प्रत्येक चाक सरळ दिशेपासून साधारण ७०० ला दीड इतकं तिरकं आहे. म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक टायर सुमारे दोन मीटर आडवा घासला जातो. दहा हजार किलोमीटरला वीस किलोमीटरहून जास्त. टायर भरलेल्या गाडीचं वजन घेऊन एवढं फरफटत जातो, म्हणून तीन मिलिमीटरकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत थोडा टो-इन मुद्दाम ठेवतात. धावताना रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांना बाहेर उघडतो, सांध्यांमधली थोडीशी जागा भरते आणि चाकं जवळपास सरळ होतात. सांधे ढिले असतील तर चाकं त्याहून जास्त उघडतात. मशीनवर उभ्या गाडीचा आकडा बरोबर आणि रस्त्यावर टायर घासतो, हे असं होतं.

साहित्य: खडू, खिळा, जॅक आणि स्टँड, स्टीलचा टेप, ओळंबा.

एकेक पुढचं चाक उचला. नक्षीच्या मध्यावर खडू फासा आणि चाक फिरवत खिळा एका जागी घट्ट धरून बारीक रेघ ओढा. खिळा हातात न धरता ठोकळ्यावर टेकवला तर रेघ डगमगत नाही. दोन्ही चाकं खाली घ्या. आता लगेच मोजू नका, जॅकवरून उतरलेल्या गाडीची चाकं ताणलेल्या स्थितीत असतात. स्टीअरिंग सरळ ठेवून गाडी ढकलत तीन-चार मीटर पुढे न्या आणि ब्रेक न मारता थांबू द्या. मागे ढकललं तर सांधे उलट्या बाजूला बसतात आणि आकडा चुकतो. गाडी हव्या जागेच्या पुढे गेली तर पुन्हा मागे आणून नव्याने पुढे घ्या.

टायरच्या सगळ्यात पुढच्या टोकाला, हबच्या उंचीवर, रेघेवरून ओळंबा सोडा आणि फरशीवर खूण करा. दुसऱ्या चाकाला तेच. मग टायरच्या मागच्या टोकाला, त्याच उंचीवर. मधे इंजिनची सम्प आड येते म्हणून टेप थेट ताणता येत नाही, फरशीवरच्या खुणा मात्र निवांत मोजता येतात. मागचं अंतर १,४३२ मिमी आणि पुढचं १,४३० आलं, तर टो-इन २ मिमी. तीनदा मोजा. तीन आकड्यांत एक मिलिमीटरहून जास्त फरक पडत असेल तर मोजण्यात चूक आहे किंवा ढिलेपणा राहिलाय. हा आकडा मॅन्युअलशी ताडा. बऱ्याच पिकअपमध्ये तो शून्य ते तीन मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या मॉडेलचाच आकडा धरा.

पुढे सलग एक्सल आणि पाटे असतील तर टो एकाच टाय रॉडवर लागतो. दोन्ही टोकांचे क्लॅम्प सैल करून रॉड पाइप पान्याने फिरवायचा. एक टोक उलट्या आट्यांचं असतं, म्हणून रॉड फिरवला की लांबी बदलते. टाय रॉड एक्सलच्या मागे असेल तर लांबवल्यावर टो-इन वाढतो, पुढे असेल तर कमी होतो. एका वेळी अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नको. तेवढ्यातही टो एक-दोन मिलिमीटरने हलतो. प्रत्येक वेळी गाडी पुन्हा पुढे ढकलून मोजा. क्लॅम्प कसताना दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट एकाच कोनात मोकळे आहेत ना बघा, एखादा आडवा पिळलेला राहिला तर लवकर तुटतो.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक असेल तर दोन्ही बाजूंचे रॉड समान फिरवावे लागतात, नाहीतर स्टीअरिंग तिरकं होतं.

तिरकं स्टीअरिंग काढून, एक-दोन दाते फिरवून परत बसवायची पद्धत सर्रास दिसते. ते चुकीचं आहे. स्टीअरिंग बॉक्सचा मध्य हा त्याचा सगळ्यात घट्ट भाग असतो. स्टीअरिंग असं फिरवून बसवलं की सरळ रस्त्यावर बॉक्स त्या भागाच्या बाजूला चालतो, ढिला लागतो, आणि डावं-उजवं वळण असमान होतं. पाट्यांच्या गाडीत स्टीअरिंगचा मध्य ड्रॅग लिंकच्या लांबीने लावायचा. इथे एक बारकावा: माल भरल्यावर पाटे सपाट होतात, ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि स्टीअरिंग थोडं फिरतं. रिकाम्या गाडीत सरळ आणि भरल्यावर किंचित तिरकं असेल तर टायरला त्याचा त्रास नाही. गाडी बहुतेक वेळ भरलेलीच चालत असेल तर मध्य तेवढा माल ठेवून लावा.

७. मशीनवर जाताना

हवा भरून, रिकामी आणि पिकअपमधला चिखल-दगड काढून न्या. कंपनीचे आकडे ज्या स्थितीसाठी दिलेले असतात त्याच स्थितीत मोजलं पाहिजे. पुढची चाकं फिरत्या तबकांवर आहेत ना, गाडीचं नेमकं मॉडेल निवडलंय ना, हे बघा. कामाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. आधीचा प्रिंट नसेल तर काय बदललं हे कुणालाच कळणार नाही. टो, कॅम्बर, कॅस्टर दोन्ही बाजूंचे, आणि मागच्या एक्सलचा कोन, एवढं त्यावर हवं.

प्रिंट वाचायला दोन गोष्टी पुरेत. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या, म्हणजे चाकाचा माथा जास्त बाहेर कललेल्या, बाजूला ओढते. आणि कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. कॅस्टर टायर घासवत नाही, म्हणून टायर चांगले आणि गाडी मात्र ओढते, तेव्हा आधी तो आकडा बघा.

इथे थांबा, मिस्त्रीकडे जा

किंगपिन किंवा बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला तर. किंगपिन काढायला प्रेस लागतो, नवे बुश रीमरने मापात आणावे लागतात, शिम बरोबर जाडीची लागते. घरी हातोडीने ठोकून स्टब बिघडतो.

टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक वाकलेली असेल तर ती सरळ करू नका, वेल्डिंग तर मुळीच नको. नवी टाका. सलग एक्सलचा कॅम्बर बिघडला असेल तर एक्सल वाकलाय. तो गॅसने तापवून सरळ करून देणारे भेटतील. तापवलेल्या फोर्जिंगची ताकद जाते आणि ते भार असताना तुटतं. एक्सलचं काम मोजमाप घेऊन थंड अवस्थेत प्रेसवर करणाऱ्याकडेच द्या किंवा एक्सल बदला. पाट्यांखाली पाचर घालून कॅस्टर बदलणं, टॉर्शन बार फिरवणं, स्टीअरिंग बॉक्सचा ढिलेपणा काढणं ही कामंही स्वतः करायची नाहीत. बॉक्सचा स्क्रू जास्त कसला तर स्टीअरिंग वळणात अडकतं.

चासीला भेग, अपघातानंतर चासीच्या कर्णांत फरक, किंवा टायरवर तारा दिसणं: गाडी तिथून स्वतः चालवत नेऊ नका.

काम झाल्यावर

टायर त्या दिवशीच तीन ठिकाणी मोजून लिहा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, टाय रॉडचे क्लॅम्प आणि उघडलेले सगळे बोल्ट पुन्हा बघा. हजार किलोमीटरला हात फिरवा. धार लागत नसेल तर टो बसला. दोन हजारला पुन्हा तिन्ही खोल्या मोजा. बाहेरची, मधली आणि आतली नक्षी सारखीच उतरत असेल तर टायर मागे-पुढे फिरवायची वेळ ठरवा, बहुतेक गाड्यांना आठ ते दहा हजार किलोमीटर. दोष तसाच ठेवून टायर फिरवत राहिलात तर दोनाऐवजी चार टायर घासतात, आणि कुठल्या चाकाने काय सांगितलं होतं तेही पुसलं जातं.